सुभेदार रामजी : एका पित्याचे स्मरण

इतिहास शिकविताना सुभेदार रामजी सकपाळांपाशी येताच माझा आवाज दरवर्षी जड होतो. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, कबीरपंथी वृत्तीचे हे गृहस्थ. साताऱ्यात पत्नी भीमाबाई निवर्तल्या, तरी मुलांच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. लेकींचे दागिने गहाण ठेवून भीमरावांसाठी ग्रंथ आणले. परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांना पहाटे दोनला अभ्यासास उठविले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्यास नोकरीवर गेले. पित्याच्या आजाराची वार्ता कळताच ते निघाले. वाटेत सुरतेस मिठाई घेण्यास उतरले आणि गाडी चुकली. २ फेब्रुवारीस लेकाच्या पाठीवरून हात फिरवून रामजींनी प्राण सोडला.

माझे वडील गेले तेव्हा मी याच वसतिगृहात मुलांची परीक्षा घेत होतो. पोहोचलो, तो सारे आटोपले होते. पाठीवरचा तो हात मला लाभला नाही.

बाबासाहेबांनी १९२३ चा रुपयाविषयीचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. माझ्यापाशी अर्पण करावा असा ग्रंथ नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना पहाटे उठविण्यास मी स्वतः जातो. हाक मारण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवितो.