धूर कसला होता?

माझं गॅरेज सुरूरच्या वाई फाट्याजवळ. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकीचा घाट चढून पलीकडं उतरली की आमच्या टप्प्यात येते. घाटाचा हा रस्ता एकेरी आहे, परतीची वाहतूक बोगद्यातून जाते. त्यामुळं चढावर गाडीची ओढ गेली तर मागं वळायची सोय नाही. रडतखडत माथा गाठायचा, उतार संपला की कुणाला तरी मेकॅनिकचा पत्ता विचारायचा. अशा गाड्यांची तक्रार एकाच वाक्यात असते : ‘चालता चालता पिकअप गेला.’

या वाक्यावर मी बॉनेट उघडत नाही. आधी चहा सांगतो आणि माणसाला बोलतं करतो. पिकअप गेला तेव्हा इंजिनाचा आवाज चढत होता का? आवाज चढतोय आणि गाडी जागची हलत नाही, तर इंजिन निर्दोष आहे, क्लच प्लेट घसरतेय. किल्ली बंद करून परत चालू केल्यावर गाडी ताळ्यावर आली का? आली असेल तर बहुधा कॉम्प्युटरनं कशाला तरी घाबरून ताकद आखडती घेतली होती. अशा वेळी इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या वर जायला तयारच होत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबल्यावर आपोआप सुधारली, असं उत्तर आलं तर माझा संशय टाकीकडं जातो. पंपाच्या जाळीला चिकटलेला कचरा पंप बंद पडला की खाली बसतो, पुढं तासाभरानं परत चिकटतो. नाहीतर तापल्यावर दगा देणारा पंप. कधी कधी दोष यातल्या कशातच नसतो. एका चाकाचा ब्रेक सुटलेलाच नसतो आणि इंजिनानं दिलेली ताकद तोच खात बसतो. म्हणून बोलता बोलता मी चारही रिमांजवळ हात नेऊन बघतो. एक रिम बाकीच्यांपेक्षा फारच तापलेली असेल तर बॉनेटपर्यंत जायचं कामच उरत नाही.

मग शेवटचा प्रश्न, धूर कसला होता? तो चालवणाऱ्याला सहसा माहीत नसतो. धूर मागच्याला दिसतो.

एक डिझेल एसयूव्ही आली होती, घरचे सगळे महाबळेश्वरला निघालेले. त्याआधी दुसरीकडं डिझेल फिल्टर बदलून झाला होता, इंजेक्टर साफ करून झाले होते, आणि आता टर्बो बदला असा सल्ला मिळाला होता. स्कॅनरवर कोडही तसाच : टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. साहेबांनी तो कागद माझ्यापुढं धरला. टर्बोच्या किमतीनं त्यांचा चेहरा आधीच उतरला होता. पण कोड एवढंच सांगतो की दाब कमी पडला. तो तयारच झाला नाही की तयार होऊन वाटेत गळाला, हे कोडमध्ये नसतं.

त्यांचे मेहुणे मागच्या गाडीत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘दाजींनी चढावर पाय दाबला की काळाकुट्ट धूर, आम्ही काचा वर घेतल्या.’

डिझेलची ओढ गेली आणि धूर काळा, म्हणजे इंधन भरपूर पोचतंय, हवा कमी पडतेय. डिझेलच कमी पडलं असतं तर ओढ गेली असती पण धूर काळा झाला नसता. निम्मा तपास मेहुण्यांच्या त्या एका वाक्यानं झाला. फिल्टर आणि इंजेक्टर यादीतून गेले. एअर फिल्टरची पेटी उघडली, तीही ठीक. (पावसाळ्यानंतर या पेटीत उंदराचं घर सापडणं आमच्याकडं नवं नाही.) टर्बोचा पंखा बोटानं फिरवला, मोकळा फिरला, दांड्यात खेळ नाही. उरला टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचा रबरी होज.

होज बघायला धडधाकट होता. उभ्या गाडीत तो नेहमीच धडधाकट दिसतो, कारण आत दाब नसतो. चढावर टर्बो हवेला बाहेरच्यापेक्षा एक बारनं जास्त दाबतो, होज फुगतो आणि तेव्हाच चीर तोंड उघडते. पाय काढला की मिटते. पण ती खूण ठेवून जाते. टर्बोकडून येणाऱ्या हवेत तेलाचा अंश असतो, चिरेभोवती त्याचं ओलं बोट उमटतं आणि त्यावर धूळ बसते. इंटरकूलरच्या खालच्या क्लॅम्पजवळ तसा डाग होता. खात्रीसाठी दोन्ही टोकं बंद केली, रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा बेतानं सोडली आणि वर साबणाचं पाणी मारलं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसे क्लॅम्पच्या कडेनं बुडबुडे आले. नवा होज वाईहून मागवला, क्लॅम्पही नवा टाकला.

एवढ्यावर गाडी देत नाही. आमची खरी चाचणी पसरणी घाटात. साहेबांना शेजारी बसवलं आणि पाचगणीच्या दिशेनं निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, मांडीवरच्या स्कॅनरवर आकडे बघायला पोरगा मागच्या सीटवर. कॉम्प्युटरनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, दोन्ही आकडे वळणावळणाला हातात हात घालून चढले. सपाटीवर ही खात्री मिळत नाही.

या घाटामुळं काही गाड्यांना मी हात न लावताच परतवतो. मुंबईची टर्बो नसलेली छोटी पेट्रोल गाडी महाबळेश्वरला जाऊन आली की मालक म्हणतो, वर गेल्यावर गाडी मरगळली. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण दहा-बारा टक्के विरळ. तेवढी ताकद कमी होणारच. उतरलात की परत मिळेल, हे सांगायचे पैसे घ्यायचे नसतात.

धुराची भाषा मात्र आता बंद होत चाललीय. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. हवेसाठी चांगलंच झालं, पण मागच्या मेहुण्यांना आता काही दिसत नाही. उलट तो फिल्टरच तुंबला की धूर बाहेर पडायची वाट अडते आणि ओढ जाते. शहरात रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांचं हे दुखणं, कारण काजळी जाळण्याएवढा तो कधी तापतच नाही. पेट्रोलमध्ये तसाच तुंबणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिथं जुनी युक्ती अजून चालते : त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून भोक मोकळं ठेवायचं आणि गाडी थोडीशीच फिरवायची. कानठळ्या बसतात, पण गाडी पळायला लागली तर कन्व्हर्टर पकडला गेला.

धूर गेल्यावर साक्षीदार उरला तो कॉम्प्युटर. कोड पडतो त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती, वेग किती, तापमान किती, लोड किती, हे तो टिपून ठेवतो. मला कोडपेक्षा त्या नोंदीत जास्त रस असतो. आणि हल्ली नेमकी तीच पुसून येते. मोबाइलला जोडायची छोटी यंत्रं स्वस्त झालीत; दिवा लागला की लोक घाटातच कोड उडवतात, नाहीतर बॅटरीची वायर काढून लावतात. मग माझ्यासमोर उभं राहून सांगतात, ‘दिवा घालवलाय मी, तेवढं पिकअपचं बघा.’

अशा वेळी मी चहा दुसऱ्यांदा सांगत नाही. पोराला स्कॅनर घ्यायला सांगतो, किल्ली मागतो आणि मालकाला म्हणतो, ‘बसा दादा, पसरणी चढून येऊ. दिवा परत लावायला लागेल.’