लाल टॅग

तळहातात मावेल एवढा तुकडा. जाड प्लॅस्टिकचा, वर धातूची कडी बसवलेलं भोक. माथ्यावर लाल पट्टा, त्यात एकीकडे इंग्रजी ‘डेंजर’ आणि दुसरीकडे अरबी ‘खतर’. खाली दोन्ही भाषांत एकच हुकूम: ‘डू नॉट ऑपरेट’, ‘ला तुशग्गिल’. चालू करू नका. मग नाव, खातं, तारीख लिहायच्या रेघा आणि बऱ्याच ठिकाणी फोटो चिकटवायला चौकोन. सौदीतलं जुबैल, अबू धाबीतलं रुवैस, दुबईचं जबल अली अशा आखातातल्या औद्योगिक पट्ट्यांत, रंगरूपातला थोडाफार फरक सोडला, तर हा टॅग असाच भेटतो.

अंगात बळ म्हणाल तर काहीच नाही. यंत्र दुरुस्तीसाठी बंद केलं की त्याच्या विजेच्या ब्रेकरला कुलूप घालतात आणि त्यावर हा टॅग अडकवतात. कुलूप ब्रेकरचा दांडा अडवून धरतं. टॅग नुसता लटकतो. त्याचा पट्टा कापायला एक पक्कड पुरते. अमेरिकेत 1989 साली दुरुस्तीच्या वेळी यंत्रं बंद ठेवण्याबद्दलचा सरकारी नियम निघाला. त्यातही हे स्वच्छ लिहिलं आहे: टॅग ही सूचना आहे, अडसर नव्हे, त्याच्यामुळे सुरक्षिततेचा खोटा भास होऊ शकतो. तोच नियम असंही सांगतो की टॅग बांधायचा पट्टा एकदाच वापरता येणारा असावा आणि त्याने निदान 50 पौंड, म्हणजे जवळजवळ 23 किलोंचा ताण सोसावा. वाऱ्याने किंवा कुणाचा खांदा लागून गळून पडेल, असा टॅग कामाचा नाही.

उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो, समुद्राकडून खारट दमट हवा येते, आणि लाल रंग विटायला लागतो. म्हणून डोळस सुरक्षा अधिकारी फेरीत फिकट टॅग दिसला की तिथल्या तिथे बदलायला लावतो. अक्षर वाचता येत नसेल, तर टॅग असून नसल्यासारखा.

बोलणं मोजकं, पण तोलून मापून. इंग्रजीत धोक्याच्या शब्दांची उतरंड आहे आणि अमेरिकी मानकांनी ती पक्की बांधून दिली आहे. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल. ‘वॉर्निंग’ म्हणजे जीवही जाऊ शकेल. ‘डेंजर’ला ‘शकेल’ नाही: टाळलं नाही, तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. टॅगच्या माथ्यावर हा सर्वांत वरचा शब्द बसतो. ही भाषा सौदीत तेलामागून पसरली: 1938 मध्ये दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीला भरघोस तेल लागलं आणि अमेरिकी कंपनीबरोबर तेलक्षेत्राची इंग्रजी सौदी कामगारांच्या कानांवर अधिकाधिक पडू लागली. आजही अरब तरुण ऑपरेटर प्रशिक्षणाला येतो, तेव्हा ‘नियर मिस’ आणि ‘क्लोज कॉल’ (थोडक्यात टळलेला अपघात), ‘स्टँड क्लिअर’ (दूर उभे राहा) हे शब्द त्याला कामाबरोबरच शिकावे लागतात. वीज खेळत असलेली तार इंग्रजीत ‘लाइव्ह’, वीज तोडलेली ‘डेड’. अरबीत वीजभारित तारेला ‘मुकहरब’ म्हणायची सवय असलेल्याला ‘डेड’ म्हणजे हात लावायला हरकत नसलेली, हे मनात बसवायला वेळ लागतो. शिकवणाऱ्याने तो वेळ द्यायलाच हवा.

टॅग लावायची रीत जवळून पाहावी. वायरमन आधी कामाचं परमिट घेतो. ब्रेकर पाडतो, बाहेर ओढतो, स्वतःचं कुलूप घालतो, किल्ली खिशात ठेवतो. मग टॅगवर नाव, तारीख, वेळ लिहितो आणि पट्टा करकचून ओढतो. एवढ्यावर तो थांबत नाही. स्टार्टचं बटण दाबून मोटर खरंच उठत नाही ना, ते बघतो. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासतो, मग आपल्या तारेवर लावतो, मग पुन्हा चालू लाइनवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर? ती शंका फिटल्यावरच हात आत जातो.

हा सगळा सोपस्कार कशासाठी, ते 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रात जगाला कळलं. पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून नेली होती आणि तिथे नुसती झाकणी बसवली होती. दिवसपाळीत काम पुरं झालं नाही आणि झडप जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर हाच पंप सुरू केला गेला. वायू गळला, स्फोट झाला, आणि त्या दुर्घटनेत 167 माणसं गेली. एका पाळीला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या पाळीला जागेवरच सांगणं, हे टॅगचं खरं काम.

पण सांगायचं कुणाला? पॅनेलसमोर इजिप्तचा इंजिनिअर येतो, केरळचा फोरमन येतो, नेपाळचा मदतनीस येतो, रत्नागिरीचा फिटर येतो. कोकणात उर्दू शाळेत शिकलेल्याला ‘खतर’ लगेच वाचता येतं. आयटीआय करून गेलेल्या मराठी पोराला ‘डेंजर’ कळतं. दोन्ही लिप्या न येणाऱ्याला फक्त लाल रंग दिसतो, आणि रंग पुरेसा नाही. चालू करायचं नाही, की उघडायचं नाही, की बंद करायचं नाही, हे रंगावरून समजत नाही. कामावरच्या पहिल्याच दिवशी, पहिल्या पाळीआधी, त्याच्या भाषेत कुणीतरी त्याला हे समजावून दिलंच पाहिजे. ते न करता टॅग लटकवणं म्हणजे कागदोपत्री सुरक्षा.

टॅगचा सर्वांत मोठा गुण त्याच्या काढण्यात आहे. ज्याने लावला, त्यानेच काढायचा. तो पाळी संपवून घरी गेला असेल, तर वरिष्ठांनी आधी तो आवारात नाही याची खात्री करायची, त्याला गाठायचा कसोशीने प्रयत्न करायचा, आणि टॅग काढलाच, तर पुन्हा कामाला हात लावण्यापूर्वी तसं त्याच्या कानावर घालायचं. अमेरिकी नियम हेच सांगतो. कारखाना केवढाही मोठा असो, उत्पादन थांबल्याने तोटा केवढाही होत असो, एका वायरमनच्या हस्ताक्षरातल्या नावापुढे व्यवस्थापकालाही थांबावं लागतं. परक्या देशात पासपोर्ट, व्हिसा आणि पगार दुसऱ्यांच्या हाती असलेल्या माणसाला असा अधिकार फार थोड्या ठिकाणी मिळतो. म्हणून आखातात निघालेल्या प्रत्येक पोराने हे मनाशी पक्कं धरावं: आपला टॅग आपल्या हाताने लावायचा, आपल्या हाताने काढायचा, आणि दुसऱ्याच्या टॅगला, साहेबाने सांगितलं तरी, हात लावायचा नाही.