लाखेत एरंडेल किती?

आमच्या बेळगावात मृगाला हवा ओली होते ती नवरात्रापर्यंत सुकायचं नाव घेत नाही. लाकूड ती ओल पितं आणि आडव्या अंगानं फुगतं. उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की पुन्हा आकसतं. लाखेचं पॉलिश मात्र एकदा वाळलं की ताठ ते ताठच. मिरजेचा तानपुरा पॉलिशला आला की मी आधी तबली आणि भोपळा जिथं जुळतात तिथं बॅटरी मारतो. तबली लाकडाची, भोपळा फळाचा. दोघं सारखे आकसत नाहीत, म्हणून तिरक्या उजेडात केसाएवढ्या रेघा पहिल्यांदा तिथंच दिसतात.

यावर आमच्या धंद्यातला जुना उपाय म्हणजे एरंडेल. लाख ज्यात विरघळवतात त्या स्पिरिटमध्ये तीळ किंवा जवसाचं तेल विरघळत नाही. एरंडेल विरघळतं, त्यामुळे ते लाखेत एकजीव होतं आणि पापुद्र्याला वाकायला जागा देतं. प्रमाण मात्र जपायचं. लाखेच्या वजनाच्या शेकडा पाचाच्या वर मी जात नाही. मिश्रण आधी कार्डशीटच्या पट्टीवर लावतो, चार दिवस वाळू देतो आणि पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळतो. नुसती लाख करकरते आणि तिच्यावर पांढऱ्या रेघा उठतात. तेल बेताचं असेल तर पट्टी मुकाट वळते. पण हात सैल सुटला तर श्रावणात पॉलिश चिकटतं आणि गवसणीच्या कापडाची वीण त्यावर उमटते. तसला तानपुरा पुन्हा खरवडण्यावाचून गत्यंतर नसतं.

चपडाही, म्हणजे पॉलिशच्या लाखेचे पापुद्रे, ताजा हवा. डब्यात पडून शिळा झालेला चपडा स्पिरिटमध्ये धड विरघळत नाही आणि लावला तर धड वाळत नाही. त्याचा दोष लोक उगाच तेलावर ढकलतात.

फवाऱ्याचं नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरणाऱ्यांचीही अडचण हीच. त्याला मऊ ठेवायला पूर्वी कापूर घालत. सेल्युलॉइड त्यातूनच झालं. पण कापूर हळूहळू उडून जातो आणि थर पुन्हा ठिसूळ होतो. फटाक्याच्या हिरव्या वातीवर याच जातीचं लॅकर असतं. तिला एक दिवाळी निभावली की पुरे. तानपुऱ्याला पिढी काढायची असते. थर टिकतो कसा ते बघायला घाट उतरून सावंतवाडीला गेलं तर गंजिफाचे गोल पत्ते दिसतात. दशावतारी संचात १२० पत्ते, आणि सगळे हातात खेळवायचे. त्यांच्यावरचं लाखेचं काम बघितल्यावर माझं मत पक्कं झालं: थर पातळ असेल तर निम्मं काम तेलाविनाच होतं. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा जेमतेम ओला करायचा, हात पळता ठेवायचा, आणि दोन थरांच्या मध्ये घाई करायची नाही. ज्याला आरशासारखी चकाकी हवी त्याला हे पटत नाही. त्यानं टेबल पॉलिश करून घ्यावं.

पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेट्या भरपूर येतात, पण पेटीच्या खोक्याला मी तेल घालत नाही, कारण तिथं सांधे भक्कम असतात. तानपुऱ्याच्या तबलीच्या कडेला थोडं घालतो. दांडीला अजिबात नाही, कारण मैफलभर गवयाचा घामट हात तिथंच टेकलेला असतो.