रिकामी जागा

तर मंडळी, महिनाभर इकडे फिरकले नाही, त्याचं कारण दात. म्हणजे नसलेले दात!

वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा काढून मला पंधरा वर्षं झाली. "दिसतंय कुणाला?" म्हणून डावीकडून चावत राहिले. गेल्या वर्षी डावीकडचीही एक गेली. पेणमध्ये राहून पोह्याचा पापड बंद! थंडीत रोह्याला लेकीकडे पोपटी लावली होती. सगळे शेंगा-कोंबडीवर ताव मारत होते आणि मी बटाटा कुस्करत बसले. लेक तेव्हा काही बोलली नाही, पण पुढच्याच आठवड्यात येऊन मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्याला साधारण १० मिलिमीटर हाड हवं. माझं उरलं होतं ३. दाढ गेली की चावण्याचा भार थांबतो आणि तिथलं हाड झिजत जातं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची हवेची पोकळी असते, तीही हळूहळू खाली पसरते.

माझं बालपण खारेपाटातलं. बांधाला खांड पडली आणि वेळीच बुजवली नाही, की खाडी शेतात शिरते, हे लहानपणी पाहिलेलं. माझ्या तोंडात तेच झालं होतं. आता आधी भराव, मग खांब.

हा उपाय तसा जुना आहे. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये त्यावर लेख लिहिला होता. हिरडीच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडतात, सायनसचं पातळ अस्तर अलगद वर उचलतात आणि खालच्या जागेत हाडाची भुकटी भरतात. "भुकटी कशाची?" मी विचारलंच. आपल्याच हनुवटीचं किंवा जबड्याचं हाड, प्रक्रिया केलेलं गुरांचं हाड, नाहीतर कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट. मी कृत्रिम घेतलं. भुकटी हा नुसता आधार. नवं हाड आपलं शरीरच घडवतं.

"या वयात एवढा खर्च कशाला?" असं मी म्हणाले होते. लेक म्हणाली, "आई, आमचा दात दुखला की तू त्याच दिवशी न्यायचीस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. जन्मभर मुलांना "तोंड झाका" सांगणारी मी आ वासून शिंकत होते!

आता सहा-सात महिने थांबायचं. भराव धरेलच याची खात्री नाही. साखर आटोक्यात ठेवणं तेवढं माझ्या हातात. पण घरातल्या सगळ्या बायकांना सांगते, दाढ काढाल तेव्हाच विचारा, या जागेचं पुढे काय? रिकामी जागा आपली वाट पाहत थांबत नाही.

असो. पापड डब्यात भरून ठेवलेत.