रेघेखालची तीन गावं

माझी सोळा वर्षांची भाची बदलापूरला राहते. एका रविवारी तिनं महाराष्ट्राच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सपासून सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारली. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया याच रेसकोर्सवरून उष्ण हवेच्या फुग्यातून उडाले, २१,०२७ मीटर उंची गाठून त्यांनी जागतिक विक्रम केला आणि पांचाळ्याला उतरले. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. फुगा पट्टीच्या रेघेवरून जात नसतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण ती रेघ बरोबर उल्हासनगर-अंबरनाथच्या डोक्यावरून जात होती. बदलापूर तिच्या जरासं खाली राहिलं होतं.

"मावशी, आपल्या वाटणीची रेघ फिरून बघू या?"

म्हणून २६ नोव्हेंबरलाच डोंबिवलीहून पहाटेची कर्जत लोकल पकडली. उल्हासनगर, अंबरनाथ अंधारातच मागे पडली. समोरून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचे लेडीज डबे त्या वेळीही भरलेले होते.

भाचीला मला आधी वारा दाखवायचा होता. फुग्याच्या स्पर्धा उजाडल्या उजाडल्या किंवा सूर्य कलल्यावर होतात, कारण भर उन्हात जमीन तापली की हवा उसळायला लागते. बदलापूरला उल्हास नदीच्या काठी आम्ही दोघी पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडे एका वीटभट्टीचा धूर निघत होता. धूर जमिनीलगत हळूहळू पश्चिमेकडे सरकत होता. शाळेत शिकलेला तो मतलई वारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. "आता वर बघ," ती म्हणाली. खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग होते. एका नारळाच्या झावळीचा नेम धरून पाच मिनिटं पाहत राहिले, तेव्हा कळलं की ढग उलट्या दिशेला, पूर्वेकडे चालले आहेत.

फुग्यांच्या स्पर्धेचं सगळं मर्म त्यात आहे. फुग्याला सुकाणू नसतं. वैमानिकाच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं असतं. ज्या उंचीवर हव्या त्या दिशेचा वारा असेल ती उंची शोधायची, तिथं थांबायचं, पुढचा वारा हवा झाला की पुन्हा वरखाली व्हायचं. जमिनीवर फुलीचं निशाण मांडलेलं असतं. त्यावरून जाताना खूणपट्टी टाकायची. वाळूच्या छोट्या पुरचुंडीला शिवलेली ती कापडाची लांब शेपटी असते. ती फुलीपासून किती लांब पडली ते टेप लावून सेंटिमीटरपर्यंत मोजतात. वारा ओळखावा लागतो, धीर धरावा लागतो, ज्वाला किती वेळ सोडायची याचा अंदाज लागतो. दंडातल्या ताकदीवर इथं काही ठरत नाही.

तरीही पहिली जागतिक स्पर्धा १९७३ साली अमेरिकेत आल्बुकर्कीला झाली आणि स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला २०१४ साल उजाडलं. एकेचाळीस वर्षं! खुल्या स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव नव्हता, पण त्या तिथं मूठभरच दिसायच्या. पोलंडमधल्या लेश्नो गावी झालेली ती पहिली स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या निकोला स्केफनं जिंकली. २०१६ साली लिथुआनियातल्या बिरश्टोनासलाही तीच जिंकली. २०२३ ची स्पर्धा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थॅमला झाली. ही गावं मी मुद्दाम नकाशात शोधली. राजधानीची शहरं नाहीत ती, भोवती मोकळी शेतं असलेली लहान गावं आहेत. २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेलं आमचं बदलापूर त्यांच्यापुढे महानगर ठरेल.

निघताना भाचीनं रुमालात नदीची मूठभर वाळू बांधून घेतली.

अंबरनाथला उतरून वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात गेलो. शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं हे शिलाहारांच्या काळातलं देऊळ. बाहेरच्या भिंतींवर जागोजाग कोरीव बायका उभ्या आहेत. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात गेलं आणि मान वर केली की छताच्या जागी आभाळ दिसतं. शिखर तिथं पुरं झालेलं नाही. पिंडीवर पडणाऱ्या त्या उजेडात उभी राहून भाची बराच वेळ वर पाहत होती. मी काही बोलले नाही.

उल्हासनगरला मात्र आमचा अर्धा दिवस गेला. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी आजही पत्ता सांगताना लोक कॅम्पचा नंबरच सांगतात. पाच नंबरच्या एका गल्लीत ओळखीच्या जीन्सच्या कारखान्यात गेलो. खोलीत दहा-बारा मशीनं, निळ्या धाग्यांचा थर, खळीचा वास. कटिंग मास्टरनी एक पॅन्ट उलटी करून आतली शिवण दाखवली. दोन कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून अडकवायच्या आणि त्यांवरून दोन समांतर टाके मारायचे. कड उघडी राहतच नाही, म्हणून ती उसवत नाही. फुग्याचं कापड नायलॉनचं, वजनाला हलकं, पण त्याच्या उभ्या पाकळ्या जोडायला अशीच दुहेरी दुमडीची शिवण घालतात.

"आणि आत किती गरम?" मास्टरनी विचारलं.

"माथ्याशी शंभर अंशांच्या आसपास," भाची म्हणाली. तिनं हिशेबही करून दाखवला. साध्या हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.२ किलो, शंभर अंशांना तापली की ०.९५. घनमीटरमागे पाव किलो उचल मिळते, म्हणजे दोन हजार घनमीटरच्या फुग्याला पाचशे किलो. फुगा, टोपली, गॅसच्या टाक्या आणि माणूस, सगळं त्यात बसवायचं. मास्टरनी मान डोलावली आणि सकाळची वाळू मागितली. वजनकाट्यावर ७० ग्रॅम तोलली, डेनिमच्या चिंधीत शिवली आणि तिला नारंगी कापडाची दीड-पावणेदोन मीटरची पट्टी त्याच शिवणीनं जोडून दिली. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत भाची पुण्याच्या शीतल महाजनबद्दल बोलत होती. २००४ साली सरावाची एकही उडी न मारता ती थेट उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून पॅराशूट घेऊन उतरली. २०११ साली तिला पद्मश्री मिळाली. आभाळात जाण्याची वाट मराठी मुलींना अनोळखी राहिलेली नाही, फुग्याची तेवढी राहिली आहे. भारतात फुगा उडवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. पण त्याआधी फुगा डोळ्यांनी तर दिसायला हवा.

संध्याकाळी बदलापूरला तिच्या चार मजली इमारतीच्या आवारात खडूनं फुली काढली. गच्चीवरून तिनं पट्टी सोडली. ती पूर्वेला पार चार मीटर लांब गेली, कारण आता समुद्राकडून येणारा खारा वारा सुटला होता. दुसऱ्या वेळी तिनं आधी कागदाचा कपटा सोडला, तो कसा जातो ते पाहिलं आणि कठड्याच्या पश्चिम टोकाला जाऊन वाऱ्याची एक झुळूक जाऊ दिली. मग हात उघडला. मी खाली टेप घेऊन उभी होते. ६२ सेंटिमीटर.

लोणावळ्याकडे पर्यटकांसाठी असे फुगे उडवले जातात. ते उडवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: थंडीतल्या एखाद्या सकाळी दोरानं बांधलेला एक फुगा बदलापूरच्या मैदानावर आणा आणि आमच्या मुलींना टोपलीत चढू द्या. वाऱ्याची ओळख त्यांनी करून घेतलेली आहे.