पावती नसलेली चोरी

नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले. जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, पोलीस अधीक्षक आले आणि चोऱ्यांचा हिशेबही वेगळा होऊ लागला. किती घरफोड्या झाल्या, किती मोटारसायकली गेल्या, किती गुन्हे उघडकीस आले, हे पेपरात येत असते. ते वाचताना आमच्या मनात दरवेळी एकच सवाल येतो. यात आमच्या मोहल्ल्यातली चोरी कुठे आहे?

चोरीची तऱ्हा बदलली, हे खरे. आमच्या लहानपणी मातीच्या भिंतीला भगदाड पाडून चोर आत शिरत. आता भिंती सिमेंटच्या झाल्या, म्हणून चोर कुलूप बघतो. आमच्या सोयरिकी पार सुरतेपर्यंत. लग्न म्हटले की अख्खे घर रेल्वेत बसते आणि दाराचे कुलूप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहते की आत कोणी नाही. डोंगरातल्या लोकांचे तर त्याहून वाईट. अक्राणी, अक्कलकुव्याची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे राहते ते कुडाचे घर. त्याला कुलूप लावले काय, न लावले काय!

शिवाय आमचा जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवरचा. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. शहाद्याच्या पुढे खेतिया लागले की मध्य प्रदेश. एमएच ३९ नंबरची गाडी रात्रीतून कुठे जाईल याचा भरवसा नाही. चोराला हद्द आडवी येत नाही, ती फिर्यादीला येते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, हे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिले आहे. पण आमच्या बायाबापड्यांना हे सांगितले कोणी?

काही वर्षांमागे आमच्या गल्लीतल्या एका खालाच्या घरी चोरी झाली. पेटीतले चांदीचे तोडे आणि सोन्याचे कानातले गेले. मुलीच्या निकाहासाठी जपून ठेवलेले. तिच्याबरोबर आम्ही ठाण्यात गेलो. अंमलदाराने पहिलाच प्रश्न केला, “पावती आहे?” खाला म्हणाली, “साहेब, माझ्या सासूने मला घातले. तिला तिच्या आईने. पावती कुठून आणू?” बराच वेळ बसवून ठेवल्यावर तक्रार लिहिली गेली. वजन अंदाजाने आणि किंमत बाजारभावाच्या निम्मीसुद्धा नाही. फिर्याद द्यायला पावती लागते, असे कोणताही कायदा म्हणत नाही. मुद्देमाल सापडला तर तो आपला हे पटवायला ती कामी येते, एवढेच. पण खालाला हे ठाऊक नव्हते, आणि समोरच्यानेही ते सांगितले नाही. सरकारी कागदावर तिची चोरी लहान झाली ती अशी.

आता तर लहान चोरीला कायद्यातच वेगळी जागा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. (तारीख आमच्या जिल्ह्याच्या वाढदिवसाचीच!) तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांखालच्या चोरीची सोय केली आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. हेतू चांगला आहे. भुकेपोटी हात घालणाऱ्या पोराला कोठडीत सडवून काय मिळते? पण त्याचबरोबर हा गुन्हा अदखलपात्र ठरला. म्हणजे नुसती एनसी नोंदवायची, दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास नाही. आता पाच हजारांखाली काय काय येते ते पाहा. शेळीचे करडू, कोंबड्या, जुनी सायकल, तांब्याचा हंडा, मजुराचा साधा मोबाईल. गरिबाच्या घरातून जे जाते ते बहुतेक यातलेच. उद्या आकडे उतरले तर चोऱ्या कमी झाल्या, की नोंदी, हे कोण विचारणार?

चोरी मोजली जात नाही, तसा संशयही मोजला जात नाही. नंदुरबारात चोरी झाली की शहराची नजर दोन दिशांना जाते. एक डोंगराकडे, दुसरी भंगारवाल्यांकडे. पूर्वी खानदेशात कितीतरी गावांची राखण भिल्ल जागल्याकडे असे. चोराचा माग त्यानेच काढायचा, वेळप्रसंगी नुकसानही भरून द्यायचे. इंग्रजांनीही १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली ती बंदोबस्तासाठीच. पुढे राखणदारावरच संशय घ्यायची सवय लागली. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र गेली नाही. आमच्या मोहल्ल्यातली माणसेही सायकल हरवली की आधी डोंगराकडे बोट दाखवतात. हेही लिहिले पाहिजे.

आणि भंगारवाला? आपल्यातली बरीच माणसे या धंद्यात आहेत. शेतातली मोटर गेली, विहिरीवरची केबल कापली, तांबे वितळवले, की चौकशी हमखास त्यांच्या दारात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे गुन्हा आहे आणि तो करणारेही आहेत. त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. त्यांच्यामुळे बाकीच्यांची इज्जत जाते. पण जाळलेल्या तारेच्या गुंडाळीवर मालकाचे नाव नसते. आमच्या ओळखीचे एक चाचा म्हणून वही ठेवतात. विकणाऱ्याचे नाव, गाव, वजन, तारीख, अंगठा. पोरे त्यांची चेष्टा करीत, “चाचा, भंगाराची दुकान है या तहसील?” गेल्या वर्षी केबलचोरीच्या तपासात पोलीस आले, तेव्हा चाचांनी वही पुढे केली. तिच्यात काही सापडले नाही. पण वही पोलीस घेऊन गेले ती अजून परत आलेली नाही. चाचांनी शंभर पानी दुसरी वही आणली आहे. आता ते प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून घरी ठेवतात.