पुरखे सपनात येतात तेव्हा

स्वप्न म्हणजे झोपलेल्या मेंदूची निव्वळ बडबड, हे माझं जुनं मत. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते शोभायचंही. माघ पौर्णिमेला दरेकसा स्टेशनवर उतरून गोंडांचं तीर्थ असलेल्या कचारगडच्या गुहेकडे निघालेली एखादी आजी म्हणाली, "बुढा सपनात आला होता जी, चाल म्हणे," की मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, मेंदूच्या देठातली ठिणगी, दुसरं काय!

मत माझ्या पदरचं नव्हतं. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत पापण्यांआड डोळे भराभर फिरतात, हे नोंदवलं. त्या वेळी उठवलं की माणसं बहुधा स्वप्न सांगत. या झोपेची कळ मेंदूच्या देठात (ब्रेनस्टेममध्ये) आहे, हे फ्रेंच संशोधक जुवे यांनी मांजरांवर दाखवलं. 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं, की देठातून येणाऱ्या विस्कळीत संकेतांची वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जुळवतो. मला तेवढं पुरलं.

मत हललं ते मेंदूच्या इजांचा अभ्यास करणाऱ्या मार्क सोल्म्स यांच्या रुग्णांमुळे. कपाळामागे खोलवर, इच्छेशी आणि ओढीशी जोडलेल्या भागाला इजा झाली, की त्यांची स्वप्नं बंद पडत. डोळे फिरणारी झोप मात्र चालूच. देठ ठणठणीत आणि स्वप्न गायब! पुढे 2017 मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्यांच्या डोक्यावर 256 इलेक्ट्रोड लावून त्यांना रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवलं. (कोण तयार झालं असेल!) झोप कुठलीही असो, स्वप्न असलं की मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लाटा ओसरलेल्या. स्वप्नात चेहरा असेल, तर जागेपणी चेहरे ओळखणारा भागच कामाला लागलेला.

म्हणजे गेलेला बुढा स्वप्नात दिसला तेव्हा आजीच्या मेंदूचा तोच भाग जागा असणार, जो तो दारात उभा राहिला की जागा व्हायचा. शिवाय डोळे फिरणाऱ्या झोपेत भावनांची केंद्रं जोरात असतात आणि तर्क लढवणारा कपाळामागचा भाग मंदावलेला. म्हणून तर "तू गेलास ना?" असं स्वप्नात सहसा कुणी विचारत नाही.

पुरखे खरोखर येतात, हे मी आजही मानत नाही. सोल्म्स 'स्वप्नामागे इच्छा असते' म्हणणाऱ्या फ्रॉइडच्या बाजूला झुकतात, तिथवरही माझी गाडी जात नाही. वर्गात मात्र आता आधी सोल्म्सचे रुग्ण सांगतो, हॉब्सन नंतर.